ताईच्या नावाचा नमस्कार

त्या वर्षी सप्ताह बसायच्या आदल्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. भात खाली लागला, मुलीला झबलं उलटं घातलं, आणि शाळेत चौथीच्या वर्गापुढे उभी राहून मी तिसरीचा धडा वाचायला लागले. मुलं एकमेकांकडे बघून हसू लागली तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एरवी मी ओशाळले असते. त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर हसून घेतलं.

ताई येणार होती. म्हणजे मी तिला बोलावणं धाडलं होतं. येते की नाही, हे तिनं कळवलं नव्हतं. माझी मुलगी जन्मल्यापासून आम्ही दोघी बहिणी एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो, आणि न बोलण्याचा हट्ट माझा होता.

आमचं माहेर कट्ट्याचं. वडील लवकर गेले, भाऊ नाही. ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. माझ्या वेण्या तिनं घातल्या, पाढे तिनं पाठ करून घेतले, मी मास्तरीण व्हावं हा ध्यासही तिचाच. तिला कट्ट्यातच दिली होती, बाजारातल्या एका दुकानदाराच्या घरी. त्यामुळे आईचं म्हातारपण तिच्या नजरेखाली गेलं. मी लग्न होऊन तोंडवलीला आले, समुद्राकाठी, आणि तिथल्याच शाळेत लागले. नवरा मालवणात कचेरीत कारकून. कट्टा तसं लांब नाही, पण मध्ये खाडी. पलीकडच्या काठापर्यंत एसटीनं यायचं आणि तिथून तरीत, म्हणजे माणसं उतरवणाऱ्या होडीत, बसून अलीकडे. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच रत्नागिरीपासून वेगळा झाला होता. गावात फोन नव्हता. निरोप माणसांच्या तोंडून जायचे.

मुलीच्या वेळी आषाढात मला आठवा महिना होता. एका सकाळी ताईचा दीर चिंब भिजून दारात उभा राहिला. आई आदल्या दिवशी गेली होती. तिला अग्नी देऊन झाला होता. आठवडाभर ती अंथरुणाला खिळून होती, आणि मला कुणी काही कळवलं नव्हतं.

"कित्याक सांगलात नाय?" मी विचारलं.

तो पायांकडे बघत म्हणाला, "वयनीन सांगलेल्यान, तुमका कळवू नको म्हणान."

तेवढं एक वाक्य माझ्याजवळ राहिलं. पोटुशी म्हणून मला बाराव्यालाही जाऊ दिलं नाही. मग मुलगी झाली. ताई बाळंतविडा घेऊन आली, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवून, डिंकाचे लाडू बांधून. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ती माझ्या उशाशी बराच वेळ बसली, बाळाच्या तळव्यावरून बोट फिरवलं, आणि शेवटच्या तरीनं परत गेली. तिनं काही समजावलं नाही. मी काही विचारलं नाही.

मात्र मनातल्या मनात मी तिच्याशी रोज भांडायचे. विहिरीवर, शाळेच्या वाटेवर, केर काढताना. माझे प्रश्न मीच विचारायचे, तिची उत्तरं मीच द्यायची आणि मीच ती खोडून काढायची. ह्या भांडणात मी कधी हरले नाही, आणि जिंकून कधी समाधानही झालं नाही.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्या कमी बोलायच्या; बोलल्या की चिमटा काढल्यासारखं बोलायच्या. एकदा दिवेलागणीच्या सुमारास मी नारळ खवत बसले होते. त्या तुळशीकडे जाता जाता थांबल्या.

"नारळ खवतस काय कोणाचो जीव घेतस?"

मी हात थांबवला.

"उद्यापासून तिनसांजेक माझ्यावांगडा बस," त्या म्हणाल्या. "गजाली नाय करूच्यो. नुसता बसूचा."

त्या रोज संध्याकाळी तुळशीपुढे बसायच्या हे मला ठाऊक होतं, पण तिथे काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाखवलं. पणतीत थोडंसंच तेल घालायचं. पाठ ताठ ठेवून बसायचं. श्वास सोडताना हळू आवाजात 'राम कृष्ण हरी' म्हणायचं, श्वास घेताना गप्प. तेल संपून पणती विझली की उठायचं. आणि उठताना तुळशीला एक नमस्कार घालायचा, तो मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं.

"कोणाच्या?" मी विचारलं.

"जेचो राग येता तेच्या. देवाक सांगूचा, तेचा बरा कर."

"आणि मगे राग जाता?"

"माका काय म्हायत? तू नमस्कार घाल. रागाचा काय करूचा ता देव बघीत."

"तुम्ही कोणाच्या नावान घालतास?"

"माझ्या सासऱ्याच्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "मरान किती वर्सा झाली. अजून घालतंय."

पहिले काही दिवस म्हणजे नुसती फजिती. डास चावायचे. आतून मुलीचं रडणं ऐकू यायचं. कढी उतू जाईल असं वाटायचं, आणि पणतीतलं तेल संपता संपायचं नाही. नमस्काराच्या वेळी ताईचं नाव ओठांवर यायच्या आधीच मी दुसरं कुणीतरी धरायची. भर पावसात मला वाटेत उतरवून देणारा कंडक्टर. माझ्या वर्गातल्या मुलांसमोर मला टाकून बोललेला तपासनीस. ज्या शेजारणीची शेळी माझी अबोली खायची, ती शेजारीण आणि एकदा तर ती शेळीसुद्धा. मला त्यात गंमत वाटू लागली. आज कुणाचं नाव घ्यायचं, ह्याचा विचार मी शाळेतून येतानाच करायची. पुढे तो कंडक्टर पुन्हा दिसला तेव्हा मला त्याच्या सदऱ्याची विरलेली कॉलर तेवढी दिसली. ह्याची बायको आजारीबिजारी आहे की काय, असं मनात आलं. ज्याला मी शिव्या घालत होते त्याची मी काळजी करत होते. बसमध्ये बसल्या बसल्या मला हसू आलं.

आणि मग पाऊस उघडल्यावर एक संध्याकाळ आली. वारा पडला होता. माडांच्या पलीकडे समुद्र वाजत होता, तो रोजच वाजतो. एक नाम म्हणून झालं आणि पुढचं यायच्या आधी मध्ये एक जागा दिसली. दिसली म्हणजे काय, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिथे कुणाशी भांडण नव्हतं. मी होते, समुद्र होता, पणती होती, बस. पुढचा श्वास आपसूक आला. पणती कधी विझली ते मला कळलंच नाही; सासूबाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा चांदणी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा कधी सुटते असं मला झालं. धावतपळत घरी आले, पाय धुतले, तुळशीपुढे जाऊन बसले, आणि काही म्हणता काही नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही. मी रडकुंडीला आले.

"मांजराच्या पाठीसून धावलस तर मांजर येता काय?" सासूबाई म्हणाल्या. "तू बस. येतला तेव्हा येतला."

मी बसत राहिले. ते कधी आलं, कधी नाही आलं. पण रोजचं बसणं चुकवलं नाही. मुलीला ताप असला तर तिला मांडीवर घेऊन बसले. बाहेर पाऊस असला तर पडवीतून तुळशीकडे तोंड करून बसले.

ताईचं नाव आलं ते असंच, न बोलावता. त्या दिवशी मनात कुणीच नव्हतं. वाकले, आणि तोंडातून शब्द आला, "ताय." मी तशीच वाकलेली राहिले. आता राग येईल म्हणून वाट बघत राहिले. आला, नाही असं नाही. पण पूर्वी घरमालकासारखा आत शिरायचा, तसा शिरला नाही. दारात घुटमळला. मी म्हटलं, देवा, तिचं बरं कर. आणि काय आश्चर्य, मला ते खरंच हवं होतं.

मी उठून तशीच चुलीपाशी धावले. "मी घातलंय. तायच्या नावान घातलंय."

सासूबाई भाकरी उलटत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भाकरी फुगू दिली, खाली काढली आणि माझ्यापुढे केली. "खा," त्या म्हणाल्या. "गरम आसा."

त्यानंतर मी रोज ताईच्याच नावानं वाकले. काही दिवस मनापासून, काही दिवस दात-ओठ खाऊन. आणि सप्ताह जवळ आला तेव्हा कट्ट्याच्या बाजाराला निघालेल्या शेजारणीला मी गाठलं. तीच ती शेळीवाली. म्हटलं, "माझ्या तायक सांग, सप्ताहाक ये. मी वाट बघतंय."

आमच्या वाडीच्या देवळातला सप्ताह म्हणजे सात दिवस रात्रंदिवस नाम. प्रत्येक वाडीचा पहारा ठरलेला. एका वाडीचे लोक टाळ-मृदंग घेऊन उभे राहायचे, ते दमले की दुसऱ्या वाडीचे. काही झालं तरी नामाला खंड पडता कामा नये. एकाच्या हातातला टाळ थांबायच्या आधी दुसऱ्याच्या हातातला वाजायला हवा. देवळाच्या आतल्या चौकात उभं राहून नाम म्हणायचं ते पुरुषांनी. आम्ही बायका कडेला बसून हार गुंफायचो, चहा करायचो, आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचो.

पहिल्या दिवशी ताई आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शाळेतून घरी जाताना मी मुद्दाम खाडीच्या वाटेनं जायची आणि उतरणारी माणसं एकेक न्याहाळायची. तरीवरचा नावाडी काठीनं होडी काठाला लावत हसून म्हणायचा, "बाई, आज नाय. फाल्या येतली."

मग तो दिवस आला. दुपार कलली होती, आमच्याच वाडीचा पहारा चालू होता. शाळा लवकर सुटली होती. मी आणि सासूबाई देवळाच्या पायरीशी झेंडूचे हार करत होतो, मुलगी फुलं विसकटत होती. इतक्यात खाडीकडून एक माणूस धावत आला. त्याला धाप लागली होती.

"तर व्हावान चल्ली," तो ओरडला. "काठी मोडली. ओहोटी आसा. माणसा भरान आसत."

ओहोटीचं पाणी खाडीच्या मुखाकडे जातं, आणि मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. तिथे माणसांनी भरलेली होडी गेली तर काय होईल, ते चौकात सगळ्यांना ठाऊक होतं. मृदंग वाजवणाऱ्याचा भाऊच तरीवरचा नावाडी होता. त्यानं गळ्यातला मृदंग उतरवला आणि तो धावला. मग एकेक करत सगळेच. कुणी दोर घ्यायला, कुणी होडी लोटायला. चौकात एकच म्हातारा राहिला. त्याच्यानं धावणं शक्य नव्हतं, आणि सकाळपासून गाऊन त्याचा आवाज पार बसला होता. टाळ वाजत होता. नाम जेमतेम फुंकरीएवढं येत होतं.

मी उभी राहिले.

"ताय आसात तरीत," मी म्हटलं.

सासूबाईंनी मुलीला कडेवर घेतलं. "आसात, नायतर नसात. तू थय जावन काय करतलस? पवाक येता तुका?" त्यांनी चौकाकडे मान केली. "थय नाम तुटता, ता बघ. मी बघून येतंय."

आणि त्या गेल्या. मी पायरीवर होते. एका बाजूला खाडीची वाट, दुसऱ्या बाजूला तो म्हातारा, डोळे मिटून टाळ वाजवणारा. त्याच्या ओठांतून हवा येत होती, शब्द येत नव्हते. बाईनं चौकात उभं राहायचं नसतं हे मला माहीत होतं. मी चपला काढल्या, आत गेले, खाली ठेवलेला एक टाळ उचलला.

पहिलं नाम किंचाळल्यासारखं आलं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले. मला हाकलील असं वाटलं. त्यानं टाळ धरलेला हात जरा खाली दाबला, सावकाश, म्हणून. मी सावकाश घेतलं. श्वास सोडताना नाम, घेताना गप्प. रोज संध्याकाळी जे करत होते तेच. फक्त इथे मोठ्यानं.

ताईला पोहता येत नव्हतं. लहानपणापासून तिला पाण्याची भीती. तरीत ती नेहमी मधोमध बसायची आणि फळी घट्ट धरून ठेवायची. मला ती तशी बसलेली दिसत होती. निघाली असेल तर माझ्याच बोलावण्यावरून. नाम म्हणत होते आणि कान खाडीच्या वाटेकडे लावून होते. आणि त्या सगळ्याच्या मध्ये ती जागा पुन्हा दिसली. भीती गेली नव्हती. भीती माझ्या शेजारी उभी राहून टाळ वाजवत होती म्हणा ना. पण ते इतक्या दिवसांचं भांडण कुठेच नव्हतं. कित्याक सांगलस नाय, हा प्रश्न मी शोधला तरी सापडेना. मला एवढंच हवं होतं की ती उतरू दे, चालत येऊ दे, आणि माझी मुलगी तिच्या मांडीवर बसू दे.

किती वेळ गेला कोण जाणे. किनाऱ्याकडून एकदम मोठा गलका आला. तो रडण्याचा की आनंदाचा, ते माडांच्या सळसळीत कळेना. टाळ सोडून धावावं असं पायांना वाटत होतं. हात मात्र वाजवत राहिले.

मग माणसं आली. मांड्यांपर्यंत भिजलेली, अंगाला वाळू चिकटलेली. मृदंगवाला आला. नामाच्या मध्ये बोलायचं नसतं. त्यानं मृदंग गळ्यात अडकवला आणि अशी थाप मारली की देवळाच्या खांबांना कंप सुटला. सगळ्यांनी टाळ उचलले. नाम एकदम छपरापर्यंत चढलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो हसत होता. मग मीही गळा सोडून म्हणू लागले.

आणि दारातून सासूबाई आल्या, मुलगी कडेवर. त्यांच्या मागे, कमरेपर्यंत ओलं लुगडं आवळून धरत, चपला हातात घेऊन, ताई.

मी थांबले नाही. ती खांबाला टेकून खाली बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलू लागले. मुलगी सासूबाईंच्या कडेवरून उतरली, ह्या भिजलेल्या अनोळखी बाईजवळ जाऊन उभी राहिली आणि तिनं तिच्या हातातल्या चपला ओढायला सुरुवात केली. पुढच्या वाडीचे लोक येऊन माझ्या हातातला टाळ घेईपर्यंत मी गातच होते आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

घरी येऊन ताई माझं लुगडं नेसली. सासूबाईंनी चहात आलं ठेचून घातलं. काय घडलं ते ताईनं सांगितलं: काठी मोडल्यावर नावाडी वल्ह्यानं तर दांड्यापासून दूर ठेवत होता, आमच्या लोकांनी दोन होड्या घातल्या, दोर फेकला, आणि ओढत वाळूवर आणली. "मी फळी सोडूकच तयार नाय," ती म्हणाली. "फळयेसकट उचला म्हटला." आम्ही तिघी हसलो. हसता हसता तिनं पेला खाली ठेवला.

"तुका एक सांगूचा आसा."

"मी विचारूक नाय," मी म्हटलं.

"तरी ऐक." ती पेल्याकडे बघत आईचं सांगू लागली. "आवशीन माका शपथ घातल्यान. धाकट्येक आठवो महिनो, खाडीक पूर, तिका कळवू नको, ती धावत येतली म्हणान. म्हणान कळवूक नाय. पण शेवटच्या दिवशी आवशीन तुझा नाव घेतल्यान. खंय आसा, म्हणान विचारल्यान. तेव्हा तरी माणूस धाडूक व्हयो होतो. धाडूक नाय. मी भियालंय. तुका काय झाला तर, म्हणान भियालंय. आवशीक सांगलंय, येता हा, वाटेर आसा."

बाहेर शेजारी कुणीतरी भांडी घासत होतं. मी विचारलं, "ह्या माका तेव्हा कित्याक सांगलस नाय?"

"तू आवशीवर रागावलस असतस. ती गेलेली. तिका उत्तर देवक येवचा नाय. माझ्यावर रागाव म्हटला. मी आसंय."

खोटं कशाला सांगू, माझ्या आत पुन्हा काहीतरी पेटलं. आई वाट बघत गेली, हे मला आजवर ठाऊक नव्हतं, आणि ते ऐकणं सोपं नव्हतं. मी ताईचा हात धरला आणि तो बराच वेळ घट्ट दाबून ठेवला. कदाचित तिला दुखलंही असेल. ती काढून घेईना. मग आम्ही दोघी आईसाठी रडलो, जे आम्ही एकत्र कधी केलंच नव्हतं. त्या संध्याकाळी तुळशीपुढे तिघी बसलो. मी आईच्या नावानं नमस्कार घातला. राग तिचाही होता, हे मला वाकल्यावर समजलं.

बाई चौकात उभी राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी देवळात थोडी कुरबुर झाली. तो म्हातारा पायरीवर बसला होता. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माझो आवाज नव्हतो. ती नसती तर नाम तुटला असता. आता तुमी सांगा, कोणाचा चुकला." एकेकजण टाळ उचलून आत गेला.

ताई सप्ताह उठेपर्यंत राहिली. शेवटच्या दिवशी दिंडी निघाली, गुलाल उडाला, आणि मग देवळापुढच्या अंगणात बायकांनी फुगड्या घातल्या. ताईनं पदर खोचला आणि माझ्यापुढे दोन्ही हात केले. मी म्हटलं, "ह्या वयात?" ती म्हणाली, "धर गो." आम्ही हात गुंफले, मागे झुकलो आणि गरगर फिरायला लागलो. माड फिरले, देऊळ फिरलं, टाळ्या वाजवणाऱ्या सासूबाई फिरल्या. ताईचा अंबाडा सुटला, माझी गजऱ्याची फुलं उडाली.

"सोडू नको," ती धापा टाकत म्हणाली. "सोडलस तर पडतलंव."

मी आणखी जोरात फिरवली.